न फुटणारा आकडा

तो तांब्याचा पत्रा मी पहिल्यांदा पाहिला तो एका गर्भार बाईच्या कमरेला. काळ्या दोऱ्यात ओवलेला, पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा, घामाने हिरवट झालेला. त्यावर दहा अंकी आकडा ठोकलेला होता. ती बाई म्हणजे माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण. तिचं पोट दोनदा पाचव्या महिन्यात रिकामं झालं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: पिशवीचं तोंड सैल आहे, चौथ्या महिन्यात घेऊन या, टाका घालू, नाहीतर हेही राहणार नाही. आता चौथा महिना लागला होता. टाका पडला नव्हता, कमरेला पत्रा मात्र होता.

मला त्या पत्र्याची शिसारी आली. आजही येते. पण ती नेमकी कोणाकोणाची, हे सांगायचं तर आधी आकड्याबद्दल सांगावं लागेल.

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. बाबा एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि रात्रपाळी नसली की चळवळीची पत्रकं फुकट छापून द्यायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. ‘बंधू-भगिनींनो’ हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा शब्द. खिळे उलटे असतात, त्यामुळे मला उलटी अक्षरंही सुलट अक्षरांइतकीच सहज वाचता यायची. या घरातून मी कॉलेजात गेले ती एक पक्की समजूत घेऊन, की खरं काय ते नीट छापून लोकांच्या हातात दिलं की लोक खोटं टाकून देतात.

मैत्रीण पारशिवनीजवळच्या एका गावची, शेतकरी घरातली. वसतिगृहात राहायची. गणितात ती आमच्या वर्गाच्या फार पुढे होती, पण बोलायला लागली की गावच्यासारखीच बोलायची आणि त्याची तिला लाज नव्हती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी एका संध्याकाळी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून तिने मला तो आकडा दाखवला.

‘एक घे,’ ती म्हणाली. ‘त्याची दुप्पट कर. मंग त्याची दुप्पट. अशी एकतीस वेळा करत जाय. शेवटी जे येईल त्यातून एक काढ.’

‘मग?’

‘मंग जे उरते ते फुटत नाही.’

दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कुठल्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात कुणीतरी हे सिद्ध करून ठेवलं होतं आणि ते आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात होतं. पण पुस्तकात आहे म्हणून मान्य करणारी ती नव्हती. तिला स्वतः भागून पाहायचं होतं.

मी म्हटलं, ‘दोनशे कोटींना कशाकशाने भागणार तू? म्हातारी होशील.’

‘नाही वं. दोन संख्यांचा गुणाकार हा आकडा असेल तर त्यातली एक लहानच असणार. सेहेचाळीस हजारांच्या थोडं पुढं गेलं की बस. अन् त्यातही सगळ्याईनं भागाचं कामच नाही. याले भागू शकणारी जी कोणती मूळ संख्या असेल, तिले बासष्टनं भागलं की बाकी एकच उरली पायजे. बाकीच्याईले मी दारातच उभं करत नाही.’

ही चाळणी का चालते, ते तिने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मला पटलं. आज मी ते पुन्हा मांडू शकणार नाही. पण ती अट लावली की भागणाऱ्यांची झुंड एकदम विरळ होते, एवढं माझ्या लक्षात राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत तिने ते भागाकार केले. कागद मी पुरवले: आम्ही विद्यार्थ्यांनी चालवलेल्या अभ्यासमंडळाची न खपलेली पत्रकं, एका बाजूने कोरी. प्रत्येक भागाकाराला बाकी उरली. एकही शून्य नाही. सुट्टीनंतर तिने तो गठ्ठा मला दाखवला तेव्हा तिचा चेहरा असा होता की जणू शेताची मोजणी करून आली आहे आणि बांध जिथे असायला हवा तिथेच सापडला आहे.

तिने तो गठ्ठा गणिताच्या विभागप्रमुखांनाही दाखवला. सर नवाच्या ताळ्याचे भक्त होते. ताळा म्हणजे संख्येतले सगळे अंक मिळवत मिळवत एक अंक उरेपर्यंत जायचं आणि त्यावरून गणित बरोबर आहे की चूक ते ताडायचं. शाळेत आपण सगळेच हे करतो. सर मात्र वाण्याच्या बिलापासून पेपरच्या गुणांपर्यंत सगळ्याचा ताळा बघायचे आणि तो जुळला की डोळे मिटून मान हलवायचे. मैत्रिणीचे भागाकार त्यांनी चाळले, ‘वा’ म्हणाले, आकडा एका चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि खिशात टाकला.

ती चिठ्ठी गेली महाराजांकडे. सर ज्यांच्या पायाशी दर गुरुवारी बसायचे, त्या महाराजांकडे. महिन्याभरात शहरभर झालं की महाराजांना ध्यानात एक आकडा दिसला, जगातली कुठलीही शक्ती तो फोडू शकत नाही आणि तो जो अंगावर बाळगेल त्याचं काहीच फुटणार नाही. घर फुटणार नाही, भावाभावांत वाटण्या होणार नाहीत, पोट फुटणार नाही. तांब्याचे पत्रे निघाले. गर्भार बायकांसाठी काळ्या दोऱ्यातले.

तर त्या पौषात मी मैत्रिणीबरोबर तिच्या बहिणीच्या सासरी गेले होते. बहीण अंगणात भिंतीला टेकून बसली होती. पदर सरकला आणि पत्रा दिसला. मैत्रिणीने तो हातात घेतला, वाचला आणि हसायलाच लागली.

‘मावशी,’ ती बहिणीच्या सासूला म्हणाली, ‘हा तं दोनानं फुटते.’

सासू तूर पाखडत होती. ‘काय फुटते?’

‘आकडा. पाहा ना, शेवटी चार हाये. सत्तेचाळीस पायजे होते, यानं चौऱ्याहत्तर ठोकले. चार शेवटी आला की दोनानं भाग जाते. अन् पुढं सातानंही जाते.’

सूप थांबलं. सासू वाईट बाई नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. दोन्ही वेळा सुनेला तिनेच सावरलं होतं. पण दवाखान्यात नेलेली तिची स्वतःची मुलगी परत आली नव्हती आणि टाका म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तीच यायची.

‘तू शिकली म्हून आमाले शिकवून राहिली काय वं?’ ती म्हणाली. ‘कॉलेजातल्या मोठ्या सरानं तपासून देल्ला हाये तो आकडा.’

तपासून दिला होता, ते खरंच होतं. परतल्यावर मी बाबांना पत्र्यावरचा आकडा लिहून दाखवला. ते म्हणाले, ‘ठसा उलटा कोरावा लागतो. ओळीच्या टोकाला हात चुकतो, शेवटचे दोन खिळे फिरतात. आमच्याकडे रोजचं आहे.’ आणि सरांनी तो ठसा कसा तपासला असेल ते कळायला मला वेळ लागला नाही. ताळा. दोन अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. सत्तेचाळीस काय, चौऱ्याहत्तर काय, ताळा दोघांनाही सारखाच पास करतो. गणिताच्या प्रमुखाने आयुष्यभर ज्या चाळणीवर विश्वास ठेवला, तिला नेमकं याच चुकीच्या मापाचं भोक होतं. शेवटी चार असलेली संख्या सम असते, हे तिसरीतलं पोर सांगेल. पण शहरातले वकील, मास्तर, इंजिनियर तो पत्रा गळ्यात घालून हिंडत होते आणि एकानेही तो वाचला नव्हता. वाचायचा नसतोच तो. बांधायचा असतो.

आमच्या अभ्यासमंडळात आनंदीआनंद झाला. मंडळाचा पुढारी कायद्याचा विद्यार्थी होता, बोलायला लागला की टेबल बडवायचा. ‘महाराज आता संपला,’ तो म्हणाला. पत्रकाचं शीर्षक त्यानेच दिलं: ‘न फुटणारा आकडा पहिल्याच घावात फुटला.’ मजकूर माझा होता. मैत्रिणीने तो शेवटपर्यंत वाचला.

‘याच्यानं ताई दवाखान्यात जाईल काय?’ तिने विचारलं.

पुढारी म्हणाला, ‘एका ताईचा प्रश्न नाही हा. समाजाचा प्रश्न आहे.’

बाबांनी खिळे लावता लावता विचारलं, ‘खरा आकडाही छापायचा का?’ पुढारी म्हणाला, छापा, लोकांना कळू द्या. छापला. सत्तेचाळीसवाला, ठळक टाइपात.

पत्रकं सीताबर्डीवर वाटली. लोक हसले, सायकली थांबवून हसले. आठवड्याच्या आत उत्तर आलं. महाराजांनी जाहीर केलं की भक्त डोळस आहेत की नाहीत याची ती परीक्षा होती, आता खरं यंत्र सिद्ध झालं आहे, जुनं आणा आणि नवं घेऊन जा. त्यासाठी सीताबर्डीवरच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. आम्ही त्यांना खरा आकडा शोधायचेही कष्ट ठेवले नव्हते. आमच्याच ठळक टाइपातून त्यांनी तो उचलला होता.

त्या कार्यक्रमाला मैत्रिणीला सरांनी स्वतः बोलावलं. ती जाते म्हणाली. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, ‘माईकवर एकदा खरं बोलू तं देतील. ताईची सासू येऊन राहिली तिथं. तिच्यासमोर सांगतो.’

सभागृहात उदबत्तीचा असा धूर होता की डोळे चुरचुरत होते. पुढच्या रांगेत आमच्या कॉलेजातले अर्धे अध्यापक. माझ्या दोन रांगा पुढे बहिणीची सासू, जुना पत्रा रुमालाच्या गाठीत घट्ट धरून. महाराज गुटगुटीत, हसरे, आवाजात गूळ. सर उठले आणि म्हणाले की आमच्याच एका विद्यार्थिनीने रात्रंदिवस एक करून ही संख्या तपासली आहे, तिनेच ठशातला दोष दाखवला, विज्ञान आणि अध्यात्म आज एका व्यासपीठावर आले आहेत. मग त्यांनी माईक तिच्यापुढे धरला.

‘सांग बेटा. हा आकडा फुटतो का?’

मला तिची पाठ दिसत होती. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. फुटतो म्हणावं तर ते खोटं होतं आणि गणिताबद्दल खोटं तिच्या तोंडून निघणार नव्हतं.

‘नाही फुटत,’ ती म्हणाली. ‘ती मूळ संख्या आहे. पण कोणाच्या पोटाशी तिचा—’

‘पोटाशी’च्या आधीच टाळ्या सुरू झाल्या होत्या. माईक सरांच्या हातात परत गेला होता. तिचे ओठ हलताना दिसत होते, बस. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मी पाहिलं, सर डोळे मिटून मान हलवत होते, ताळा जुळल्यासारखे.

तिचे ते सगळे भागाकार, एकही शून्य न आलेले, एका नारळाबरोबर महाराजांच्या पायावर जमा झाले. आणि ज्या बाईने दवाखान्यासाठी शहरात यायला दोन महिने नकार दिला होता, ती पत्र्यासाठी शहरात आली होती. सभागृहापासून डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता. ती नवा पत्रा कमरेला खोचून एस.टी.ने परत गेली.

पुढारी म्हणाला, दुसरं पत्रक काढू. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आम्ही दोघी पुन्हा बहिणीच्या सासरी गेलो तेव्हा चौथा महिना सरत आला होता. बहिणीला पाठीत कळा येऊ लागल्या होत्या. पहिल्या दोन वेळांनाही सुरुवात अशीच झाली होती. मी सासूला डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं पहिल्यापासून समजावून सांगितलं. माझी भाषा सोपी होती, मुद्दे बिनतोड होते.

सासू म्हणाली, ‘तुही मैत्रीणच तं बोलली भर सभेत. फुटत नाही म्हणे. म्या आपल्या कानानं आयकलं. मंग आता काहून दवाखाना?’

आम्हीच तो आकडा दोनाने फोडून दाखवला होता, म्हणजे फुटण्या-न फुटण्याला अर्थ आहे हे आम्हीच कबूल केलं होतं. आता तो फुटत नव्हता.

मैत्रीण चुलीजवळ गेली आणि कोळसा घेऊन आली. सारवलेल्या ओसरीवर सासूसमोर बसली.

‘मावशी, मी बोललो ते खरं हाये. हा आकडा फुटत नाही.’ तिने तो लिहिला. ‘पण याच्यात एक मिळवला तं काय होते ते त्या महाराजानं तुमाले सांगतलं काय?’

‘काय होते?’

तिने शेवटचा सात पुसून आठ केला. मग त्याखाली त्याचं निम्मं लिहिलं. त्याखाली त्याच्या निम्मं. कोळसा करकरत होता. सासूला कोटी वाचता येत नव्हते, पण अर्धा आणि पाव तिला चांगले कळत होते. आकड्यांची रांग दर ओळीला आखूड होत ओसरीच्या कडेपर्यंत गेली. चौसष्ट. बत्तीस. सोळा. आठ. चार. दोन. एक.

‘नुसता फुटला नाही मावशी. भुगा झाला. कुठंच अडला नाही.’ तिने शेवटच्या एकवर बोट ठेवलं. ‘अन् ताईच्या पोटात एक हाये ना?’

सासूने त्या शेवटच्या एककडे पाहिलं. मग सुनेकडे. तिचा चेहरा पिठासारखा झाला. ‘अवं माय,’ ती म्हणाली, उठली, विळा घेऊन आली आणि सुनेच्या कमरेचा दोरा कापला. पत्रा तिने चिमटीत धरून, तापलेला असावा तसा, अंगणापलीकडे फेकला.

‘आता काय करू वं?’ तिने विचारलं.

‘टाका,’ मैत्रीण म्हणाली. ‘आजच.’

दुपारच्या एस.टी.ने आम्ही निघालो. डॉक्टरीणबाई खूप ओरडल्या, आम्हा सगळ्यांवर, माझ्यावरसुद्धा. म्हणाल्या, आणखी चार दिवस थांबला असता तर काहीच करता आलं नसतं. टाका पडला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण सकाळी त्या ओसरीवर मी उभी होते आणि कोळशाची एकेक ओळ मनात तपासत होते. प्रत्येक ओळ खरी होती आणि सगळं मिळून खोटं होतं. सीताबर्डीच्या स्टॉपवर मी तिला तसं म्हटलं.

‘तू त्यांच्याच भाषेत बोललीस. महाराजात आणि तुझ्यात फरक काय राहिला?’

ती थकली होती. कोळसा अजून तिच्या नखांत होता. ‘त्याईले दुसरी भाषा येते काय? तुह्या भाषेत तूच बोलली ना सकाळी. झाला काय उपयोग?’

‘खोट्याने मिळालेलं टिकत नाही.’

‘टाका टिकला पायजे,’ ती म्हणाली. ‘बाकीचं तू पत्रकात लिहिजो. पण लेकरू झालं तं त्याचं वजनही लिहिजो त्याच्यात.’

मी ते पत्रक लिहायला बसले आणि लिहू शकले नाही. आणि मी जे म्हटलं होतं तेही घडलंच. सासूने ती कोळशाची गोष्ट बाजारात सांगितली, बाजारातून ती महाराजांपर्यंत गेली आणि दोन महिन्यांत जाहीर झालं की न फुटणारं यंत्र गर्भवतीने बाळगू नये, तिच्यासाठी वेगळं यंत्र आहे, आणि बाळासाठी आणखी वेगळं. त्याचाही अर्थ विचारायला सर दर गुरुवारी जातच राहिले. खरं काय, खोटं काय, सगळ्याचं या लोकांच्या हातात तांबंच होतं. या आठवणीने मला अजून किळस येते.

बहिणीला नववा महिना भरून मुलगी झाली. बारशाला आम्ही दोघी गेलो. पोर काळीसावळी, मुठी आवळून झोपलेली, रडली की शेजारचं घर जागं व्हायचं. बहीण पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, ‘घे ना वं, भेतं काहून?’

मी पोरीला उचलून घेतलं. दुपटं बाजूला झालं. कमरेला काळा दोरा होता, दोऱ्यात नवाकोरा पत्रा. छापखान्यातली सवय, मी आधी ओळीचं टोक वाचलं. शेवटी पाच होता. पाच शेवटी आला की पाचाने भाग जातो.

सासू कौतुकाने बघत होती. मी तोंड उघडलं. मैत्रिणीने माझ्या खांद्यावरून वाकून आकडा पाहिला होता. तिने माझा हात दाबला.

‘बोलू नको वं,’ ती हळूच म्हणाली. ‘दुरुस्त करून आणतील.’